तारे नकोत, आकडे पुढे आणा

प्रति,
मा. अध्यक्ष,
भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरण (एफएसएसएआय),
नवी दिल्ली

विषय : पथ्यावरच्या माणसाचा स्नॅक बार आणि पाकिटाच्या दर्शनी बाजूवरचं लेबल

महोदय,



पाकीटबंद खाद्यपदार्थांच्या दर्शनी बाजूवर पोषणाची माहिती कशी छापायची, हा प्रश्न आपल्याकडे बराच काळ रेंगाळला आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये आपण ताऱ्यांच्या मानांकनाचा मसुदा काढला. त्यावर १४ हजारांहून अधिक सूचना-हरकती आल्या. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तज्ज्ञ समितीच्या शिफारशींसाठी तीन महिन्यांची मुदत दिली आणि पुढे ती वाढवूनही मिळाली. या साऱ्या चर्चेत चिप्स, शीतपेयं, इन्स्टंट नूडल्स यांची नावं वारंवार आली. ग्रॅनोला बार, ओट्स बार, प्रोटीन बार, मिलेट बार यांच्याबद्दल मात्र फारसं कोणी बोललं नाही. मी ठाण्यात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. माझं म्हणणं एवढंच आहे की नव्या लेबलाची परीक्षा चिप्सवर घेऊ नका, बारवर घ्या. बारच्या पाकिटावर जे लेबल खरं बोलेल, ते बाकी सगळीकडे खरं बोलेल.

वडापाव खाणाऱ्याला आपण काय खातोय हे नीट ठाऊक असतं. चिप्सचं पाकीट फोडणाराही फसलेला नसतो; तो मनाची तयारी करून फोडतो. बार घेणाऱ्याचं तसं नसतं. त्याला डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितलेलं असतं, किंवा रक्तातल्या साखरेचा रिपोर्ट बघून तो स्वतःच घाबरलेला असतो. पाच-सहा वाजता पोटात कावळे ओरडायला लागतात तेव्हा समोरची भजीची गाडी टाळून, पन्नास-साठ रुपये मोजून तो बार घेतो. नीट वागण्यासाठी तो जास्त पैसे देत असतो. म्हणून पाकिटावरच्या अर्धसत्याचा सगळ्यात मोठा फटका त्यालाच बसतो. आयसीएमआरच्या इंडियाब अभ्यासाचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेले आकडे आपल्यासमोर आहेतच. देशात मधुमेहाचे १०.१ कोटी रुग्ण आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभे असलेले आणखी १३.६ कोटी. बारचं गिऱ्हाईक यांच्यातूनच येतं.

फोर्टमधल्या एका बँकेत काम करणाऱ्या आणि बदलापूरला राहणाऱ्या एक ताई माझ्याकडे येतात. वजन दोन महिने हलत नव्हतं. त्या म्हणाल्या, "मॅडम, वडापाव सोडला, भजी सोडली, चहात साखर घेत नाही. संध्याकाळी लोकल पकडण्याआधी फक्त एक बार खाते." बार पर्समध्येच होता, तो टेबलावर ठेवला. पुढच्या बाजूला ओट्सच्या लोंब्या, मधाची धार आणि ओंजळभर बदाम. वर "सोर्स ऑफ प्रोटीन", खाली "गुडनेस ऑफ ओट्स". मागची बाजू वाचण्यासाठी ताईंनी मोबाइलच्या कॅमेऱ्यानं अक्षरं मोठी केली, कारण चष्म्यानं भागत नव्हतं. घटक असे होते : ओट्स २४ टक्के, ब्राउन राइस सिरप, तांदळाचे कुरकुरीत दाणे, मध, बदाम ६ टक्के, साखर, पामतेल, इन्व्हर्ट सिरप, मग इमल्सिफायर आणि वासाचे अर्क.

घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहायचे, हा आपलाच नियम आणि तो चांगला आहे. पण त्याला बगल देणं सोपं आहे. साखर एकाच नावानं घातली तर ती यादीत पहिली येते. तीच राइस सिरप, मध, साखर आणि इन्व्हर्ट सिरप अशा चार नावांत वाटली की चौघीही खाली सरकतात आणि ओट्स डोक्यावर जाऊन बसतात. बदामांचं चित्र छापलं म्हणून त्यांची टक्केवारी छापावी लागली, हाही आपलाच नियम. ४० ग्रॅमच्या बारमध्ये ६ टक्के म्हणजे २.४ ग्रॅम. साधारण दोन बदाम. चित्रात ओंजळभर आणि आत दोन!

मग तक्ता. १०० ग्रॅममागे ऊर्जा ४२० किलोकॅलरी, प्रथिनं ८ ग्रॅम, साखर ३० ग्रॅम. बार ४० ग्रॅमचा. गुणाकार-भागाकार ताईंनीच केला, बँकेतल्या माणसाला तेवढा वेळ लागत नाही. एका बारमध्ये १६८ किलोकॅलरी, ३.२ ग्रॅम प्रथिनं आणि १२ ग्रॅम साखर, म्हणजे चहाचे जवळजवळ तीन छोटे चमचे. त्या क्षणभर गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे चहातली साखर मी बारमध्ये घालून खातेय."

कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण कंपनीनं आपला एकही नियम मोडलेला नाही. माझी तक्रार आहे ती नेमकी हीच. नियम पाळून हे सगळं करता येतं.

हा पदार्थ मुळात कोणासाठी जन्मला, तेही बघायला हवं. ब्रायन मॅक्सवेल हा कॅनडाचा मॅरेथॉन धावपटू. एका शर्यतीच्या शेवटच्या टप्प्यात शरीरातलं इंधन संपून त्याचे पाय थांबले. त्यातून धावता धावता खाता येईल आणि पोटाला जड होणार नाही असं काहीतरी करायचं त्यानं मनावर घेतलं आणि १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कलीमध्ये पॉवरबार सुरू झाला. १९९२ मध्ये आलेला क्लिफ बार गॅरी एरिक्सन या सायकलस्वाराचा, तोही लांबच्या सायकल-सफरींच्या अनुभवातून आलेला. या बारमध्ये लगेच मिळणारी साखर असणं हा दोष नव्हता, तेच त्याचं काम होतं. बेचाळीस किलोमीटर धावणाऱ्याच्या स्नायूंना ती हवीच असते. पुढे तो पदार्थ शर्यतीतून सुपरमार्केटमध्ये आला आणि तिथून ऑफिसच्या खणात. खाणारा बदलला, दिवसभर खुर्चीत बसणारा झाला, पण बारचा पिंड बराचसा तोच राहिला. पाकिटावर धावणाऱ्या माणसाची आकृतीही तशीच राहिली.

आपल्याकडे असा पदार्थ नव्हता असंही नाही. लोणावळ्याची चिक्की, राजगिऱ्याची वडी, दाण्याचा लाडू हे आमचे जुने बारच. त्यांचंही गुणगान करायला मी बसलेली नाही. ३० ग्रॅमच्या शेंगदाणा चिक्कीत निम्मे दाणे आणि निम्मा गूळ धरला, तर १४० किलोकॅलरींच्या आसपास ऊर्जा, ४ ग्रॅमच्या जवळपास प्रथिनं आणि १३ ग्रॅमच्या आसपास साखर निघते. गूळ म्हणजेही मुख्यतः साखरच, हे मी रोज चार जणांना सांगते आणि रोज चार जण नाराज होतात. पण चिक्की खाऊन वजन उतरतं असं लोणावळ्याच्या कुठल्या दुकानदारानं कधी सांगितलं नाही. चिक्की गोड खाऊ म्हणून विकली जाते आणि गोड खाऊ म्हणूनच खाल्ली जाते. बार औषधाच्या दुकानात, प्रोटीन पावडरच्या शेजारी, पथ्याचा पदार्थ म्हणून विकला जातो.

आता आपल्या नियमांकडे वळते, कारण पत्र आपल्याला आहे.

दाव्यांच्या २०१८ च्या नियमावलीनुसार घन पदार्थात १०० ग्रॅममागे प्रथिनांच्या दैनंदिन गरजेच्या १० टक्के प्रथिनं असली की "सोर्स" म्हणता येतं आणि २० टक्के असली की "रिच" किंवा "हाय" म्हणता येतं. पुरुषाची ही गरज आयसीएमआरनं ५४ ग्रॅम धरली आहे. २० टक्के म्हणजे १०.८ ग्रॅम. पण १०० ग्रॅमचा बार खातो कोण? ४० ग्रॅमच्या बारमध्ये ४.३ ग्रॅम प्रथिनं भरली की त्यावर "हाय प्रोटीन" छापायला रस्ता मोकळा. एका उकडलेल्या अंड्यात ६ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. ३० ग्रॅम फुटाण्यांतही तेवढीच, वर चांगलं फायबर. फुटाण्याच्या पुडीवर मात्र काहीच लिहिलेलं नसतं, ती रद्दीच्या कागदात बांधून मिळते. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, ही म्हण या नियमाला जितकी लागू पडते तितकी क्वचितच कशाला लागू पडत असेल.

दुसरी गोष्ट साखरेच्या रकान्याची. २०२० च्या लेबल नियमांत आपण एकूण साखर आणि वरून घातलेली साखर असे दोन वेगळे आकडे मागितलेत, याबद्दल मनापासून आभार. मात्र दिवसाची टक्केवारी काढताना वरून घातलेल्या साखरेची मर्यादा ५० ग्रॅम धरली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शनात दोन हजार किलोकॅलरींच्या आहाराला ही वरची मर्यादा येते. शक्य तर ती निम्म्यावर, म्हणजे २५ ग्रॅमच्या आसपास आणावी, असंही तेच मार्गदर्शन सांगतं. वजन आणि साखर उतरवायला निघालेला माणूस दुसऱ्या मर्यादेचा विचार करतो. वरून घातलेली १२ ग्रॅम साखर त्याच्या दिवसाच्या वाट्यातली जवळपास निम्मी असते आणि पाकीट त्याला २४ टक्के सांगतं.

शिवाय त्या रकान्यात न येणाऱ्या गोष्टी आहेतच. माल्टोडेक्स्ट्रिन साखरेच्या आकड्यात फारसं दिसत नाही, रक्तातली साखर मात्र झपाट्यानं वाढवतं. "शुगर-फ्री" बारमध्ये अनेकदा माल्टिटॉल असतं. त्यानं रक्तातली साखर कमी वाढते, पण वाढत नाही असं नाही. असे पॉलिऑल १० टक्के किंवा जास्त असले तर पोट ढिलं होऊ शकतं अशी सूचना छापायला आपण लावलंत. ती सूचना मागच्या घडीत, चिकटवलेल्या कडेजवळ असते. मीटिंगच्या आधी बार खाऊन मीटिंगमधून उठावं लागलेले लोक ती नंतर शोधतात. "नो ॲडेड शुगर" लिहिलेल्या खजुराच्या बारचीही अशीच गत. खजूर वाईट नाही, त्यात फायबर असतं, पण वजनाच्या निम्म्याहून बरीच जास्त साखरही असते. मधुमेही माणसाला दावा बघायला शिकवून उपयोग नाही, त्याला एकूण साखरेचा आकडा शोधायला शिकवावं लागतं.

तिसरी गोष्ट भाषेची. राष्ट्रीय पोषण संस्थेनं मे २०२४ मध्ये भारतीयांसाठी १७ आहार-सूत्रं दिली. त्यांतलं एक सूत्र आहे : अन्नाची लेबलं वाचा. कोणत्या भाषेत? आपल्या नियमानुसार मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असला की पुरे. इतर भाषा कंपनीच्या मर्जीवर. बारच्या पाकिटावर मी तरी इंग्रजीशिवाय काही बघितलेलं नाही. बार्शीच्या कॉलेजात मैदानावर सराव करून आलेली मुलगी आणि पुण्यातली आयटीवाली मुलगी आज एकच बार घेतात. पहिलीला मागची बाजू वाचता येत नाही आणि दुसरी वाचत नाही. त्यात वेष्टनाचं एकूण क्षेत्रफळ १०० चौरस सेंटिमीटरपेक्षा जास्त नसेल तर घटकांची यादी आणि पोषणाचा तक्ता त्या पाकिटावर छापण्यातूनच सूट आहे; ही माहिती मोठ्या खोक्यावर असली की झालं. छोटा बार किराणा दुकानात सुटा विकला जातो. मोठं खोकं असतं दुकानदाराच्या काउंटरमागे.

आता ताऱ्यांकडे येते, कारण हे पत्र लिहायला बसले ते त्यांच्यामुळे.

आपल्या मसुद्यातली मांडणी अशी आहे. ऊर्जा, संपृक्त मेद, एकूण साखर आणि सोडियम यांचे गुण एका बाजूला. फळं, भाज्या, दाणे, कडधान्यं, भरडधान्यं, फायबर आणि प्रथिनं यांचे गुण दुसऱ्या बाजूला. पहिल्यातून दुसरे वजा करायचे आणि अर्ध्यापासून पाचपर्यंत तारे द्यायचे. कागदावर हे समतोल दिसतं. चिप्सच्या बाबतीत कदाचित चालूनही जाईल, कारण चिप्समध्ये भरपाई करायला फारसं काही नसतं. बार मात्र या हिशेबासाठी जणू मापानं शिवलेला आहे. साखर कमी केली तर बार चिकटून राहत नाही, त्याचा भुगा होतो, चव जाते, गिऱ्हाईक तुटतं. त्यापेक्षा सोया प्रोटीन आयसोलेटची पूड घालायची, चिकोरीच्या मुळातून काढलेलं फायबर घालायचं, मूठभर नाचणी घालायची. साखर होती तिथेच राहते आणि तारे वाढतात. गणितात नापास झालेल्या मुलाला चित्रकलेचे गुण मिळवून सरासरीनं पास करावं, तसा हा प्रकार. वर्गात त्यानं फारसं बिघडत नसेल. पण मधुमेही माणसाचं शरीर सरासरी काढत नाही. साखर तिचं काम करते आणि प्रथिनं त्यांचं. एकानं दुसऱ्याचा गुन्हा माफ होत नाही.

आणखी एक गोष्ट. मसुद्यात ही पद्धत पहिले ४८ महिने ऐच्छिक ठेवली होती. ऐच्छिक ताऱ्यांच्या काळात कोण तारे छापेल? ज्यांना चार-साडेचार मिळतील तेच. म्हणजे बाजारात फक्त चांगले तारे दिसतील आणि ज्या पाकिटावर तारे नाहीत ते वाईट आहे हे कोणाला कळणार नाही. चार वर्षांत लोकांच्या मनात तारा म्हणजे शिफारस हे पक्कं बसेल. सरकारी शिक्क्याची शिफारस, तीही साखरेच्या पाकात बांधलेल्या ओट्सला!

दुसरा रस्ता नवा नाही. चिलीनं २०१६ पासून पाकिटाच्या पुढच्या बाजूला काळे अष्टकोन सक्तीचे केले. साखर जास्त असेल तर एक, कॅलरी जास्त असतील तर दुसरा, सोडियमचा वेगळा, संपृक्त मेदाचा वेगळा. २०१९ मध्ये लागू झालेल्या शेवटच्या टप्प्यात घन पदार्थांसाठी १०० ग्रॅममागे २७५ किलोकॅलरी आणि १० ग्रॅम साखर ही मर्यादा आहे. ताईंच्या बारला तिथे दोन अष्टकोन लागले असते. तिथे वजाबाकी नाही. प्रथिनं कितीही घाला, साखरेची खूण साखर उतरवल्याशिवाय जात नाही. कारखान्याला एकच रस्ता उरतो आणि तो बरोबर रस्ता आहे.

यावर उद्योगांची एक हरकत मला रास्त वाटते, म्हणून तिची दखल घेते. ते म्हणतात, मग नुसत्या बदाम-शेंगदाण्यांनाही मेदाची आणि कॅलरीची खूण लागेल आणि चांगलं अन्न बदनाम होईल. अमेरिकेत हे घडलंही होतं. मार्च २०१५ मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनानं काइंड या कंपनीला पत्र पाठवून तिच्या काही बारवरचा "हेल्दी" शब्द काढायला सांगितला. कारण काय, तर संपृक्त मेद नियमापेक्षा जास्त. तो मेद बराचसा बदाम-काजूंसारख्या दाण्यांतून आलेला होता. जुन्या व्याख्येत दाण्यांचा बार नापास होत होता आणि साखर घातलेलं कमी मेदाचं सीरियल पास होऊ शकत होतं. मे २०१६ मध्ये प्रशासनानं तो शब्द वापरायला मोकळीक दिली आणि डिसेंबर २०२४ मध्ये "हेल्दी"ची व्याख्याच बदलली. तिच्यात वरून घातलेल्या साखरेला मर्यादा आली. यावरून मी एवढंच घेते की "हेल्दी" म्हणजे काय हे नियमात लिहिता येतं, चुकलं तर सुधारताही येतं. चिलीनंही हा पेच सोडवला आहे : वरून साखर, मीठ किंवा संपृक्त मेद घातलेल्या पदार्थांनाच त्यांच्या खुणा लागतात. नुसत्या भाजलेल्या दाण्यांना लागत नाहीत.

दुसरी हरकत देशी पदार्थांच्या अभिमानाची आहे. जुलै २०२५ मध्ये आरोग्य मंत्रालयानं कार्यालयांत तेल-साखरेचे फलक लावायची सूचना केली, तर समोसा-जिलेबीवर इशारे येणार म्हणून केवढा गदारोळ झाला. शेवटी सरकारला खुलासा करावा लागला. समोसा बदनाम झाला आणि बार नामानिराळा राहिला. माझ्यापुरतं सांगते, पाकीटबंद चिक्कीवर साखरेची खूण आली तर मला चालेल. लोणावळ्याला जाणारा माणूस त्यामुळे चिक्की घ्यायचा थांबणार नाही. तो दोन वड्या खाईल, डबा नाही. खुणेचं काम तेवढंच असतं.

बार सरसकट टाकाऊ आहे असंही मी म्हणत नाही. रात्रपाळीच्या नर्सला दोन वॉर्डांच्या मधे ताट घेऊन बसता येत नाही. हरिश्चंद्रगड चढणाऱ्याच्या सॅकमध्ये पोहे न्यायची सोय नसते. जानेवारीत मुंबई मॅरेथॉन धावणाऱ्याला तर साखरेचा बारच हवा. अडीनडीला बार खाऊन वडापाव टळला तर पथ्य सांभाळलं गेलंच. बाजारात चांगले बारही आहेत. काही कंपन्या घटकांची यादी स्वतःहून पुढच्या बाजूला छापतात, त्यांचा मला आदर आहे. पण चांगला बार आणि चांगला दिसणारा बार यांतला फरक आज गिऱ्हाईकानं स्वतः हिशेब करून शोधायचा आहे.

तोवर माझ्याकडे येणाऱ्यांना मी काय सांगते, तेही लिहिते. पुढची बाजू वाचूच नका. पाकीट उलटं करा, बारचं वजन बघा आणि मगच तक्ता बघा. एका बारमागे वरून घातलेली साखर ५ ग्रॅमच्या आत, फायबर ३ ग्रॅमच्या वर आणि ऊर्जा दीडशे-पावणेदोनशे किलोकॅलरींच्या आसपास असेल तर घ्या. प्रथिनांसाठी घेत असाल तर किमान ८-१० ग्रॅम हवीत, नाहीतर त्या नावाचे जास्त पैसे देऊ नका. साखर किती नावांनी आली आहे ते बोटांवर मोजा. बार जेवणाच्या जागी खायचा की दोन जेवणांच्या मधे, हे आधी ठरवा. दोन्हीकडे खाल्ला तर हिशेब चुकतो. अर्धा बार हा पर्याय कागदावरच छान दिसतो, फोडलेला बार मी तरी कोणाच्या पर्समध्ये शिल्लक राहिलेला पाहिला नाही. आणि घरून निघताना पाच मिनिटं असतील तर फुटाणे-दाण्यांची छोटी डबी, एखादं फळ नाहीतर उकडलेलं अंडं घ्या. तितकंच पोट भरतं, पैसे कमी लागतात आणि काही वाचावं लागत नाही. बदलापूरच्या ताई आता फुटाण्यांची डबी नेतात. गुरुवारी उपास असतो तेव्हा दाणे.

पण महोदय, हे सगळं मी समोर बसलेल्या एका माणसाला सांगू शकते. १३.६ कोटींना सांगायला एकच जागा आहे, पाकिटाची पुढची बाजू, आणि ती आपल्या हातात आहे. म्हणून या मागण्या :

१. ताऱ्यांची सरासरी सोडून द्या. साखर, मीठ आणि संपृक्त मेद यांची वेगवेगळी, ठळक खूण पुढच्या बाजूला सक्तीची करा. जुलै २०२४ मध्ये हेच तीन आकडे ठळक आणि मोठ्या अक्षरांत छापायच्या प्रस्तावाला आपण मंजुरी दिली होती. त्याच्याच पुढचं हे पाऊल आहे.

२. एकदा फोडून एकट्यानं खायच्या पाकिटावर संपूर्ण पाकिटाचे आकडे छापायला लावा. १०० ग्रॅमचा रकाना तुलनेसाठी राहू द्या, पण खाणाऱ्याला गुणाकार करायला लावू नका.

३. "हाय प्रोटीन" हा दावा १०० ग्रॅमवर न ठरवता प्रत्यक्ष खाल्ल्या जाणाऱ्या नगावर ठरवा. साखर मर्यादेबाहेर असेल तर प्रथिनांचा आणि फायबरचा दावा पुढच्या बाजूला करूच देऊ नका.

४. एप्रिल २०२४ मध्ये ऑनलाइन विक्रेत्यांना आपण बजावलंत की दूध, धान्य आणि माल्टची पेयं "हेल्थ ड्रिंक" म्हणून विकायची नाहीत, कारण कायद्यात तशी व्याख्याच नाही. तोच न्याय बारला लावा. "हेल्दी", "गिल्ट-फ्री", "फिट" या नावांची एक तर व्याख्या करा, नाहीतर ती काढायला लावा.

५. खूण अशी करा की ती वाचायला कोणतीच भाषा लागणार नाही, आणि घटकांची यादी विक्री होत असलेल्या राज्याच्या भाषेतही छापायला लावा. छोट्या पाकिटाची सूट निदान साखरेच्या खुणेला देऊ नका.

६. चार वर्षांची ऐच्छिक सवलत नको. उद्योगांना छपाई बदलायला वर्षभर द्या, मग सक्ती करा.

यातल्या कशासाठीही नवीन प्रयोगशाळा उभारावी लागणार नाही. आकडे कंपन्यांकडे आजही आहेत, मागच्या बाजूला छापलेलेही आहेत. ते फक्त पुढे आणायचे आहेत. मसुदा अंतिम करण्यापूर्वी आपल्या समितीनं बाजारातले खपणारे बार टेबलावर मांडावेत, प्रत्येकाला आपल्या सूत्रानं तारे द्यावेत आणि शेजारी त्यातल्या साखरेचा आकडा लिहावा. ती यादी जशीच्या तशी जाहीर करावी. तारे आणि साखर यांचा मेळ बसत असेल तर माझं म्हणणं मी मागे घेईन. बसत नसेल, तर मसुदा मागे घ्यायची पाळी आपली.

पथ्य पाळण्याची जबाबदारी आमची आहे, ती आम्ही आपल्यावर ढकलत नाही. पाकिटावर खरं आणि वाचता येईल असं लिहून घेण्याची जबाबदारी मात्र संसदेनं २००६ च्या कायद्यानं आपल्याकडे दिली आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली,
ठाण्यातील एक आहारतज्ज्ञ